गणित सुटले, पण आले का?

नोव्हेंबर २०२५ पासून ओपनएआयने ‘चॅटजीपीटी गो’ ही एरवी पैसे मोजून मिळणारी सेवा भारतात वर्षभरासाठी मोफत देऊ केली. त्याच्या काही दिवस आधी जिओनेही गूगलचे ‘जेमिनाय प्रो’ आपल्या ग्राहकांना, सुरुवातीला १८ ते २५ वयोगटाला, दीड वर्ष फुकट जाहीर केले होते. नोंदणी घरातल्या मोठ्यांच्या नावावर असली, तरी संध्याकाळी तो फोन अनेकदा आठवी-नववीतल्या मुलाच्या हातात असतो. बीजगणिताचे उदाहरण असो, प्रकाशसंश्लेषण असो की पावसाळ्यावरचा निबंध. प्रश्नाचा फोटो काढायचा, आलेले उत्तर वहीत उतरवायचे, झाला गृहपाठ.

यातून मूल शिकते का, याची नीट तपासणी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत झाली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील जवळपास हजार विद्यार्थ्यांचे गणिताच्या सरावासाठी तीन गट केले. एकाला फक्त पुस्तक आणि वही. दुसऱ्याला चॅटजीपीटीसारखाच, विचारेल ते सांगणारा चॅटबॉट. तिसऱ्याला शिक्षकांच्या मदतीने घडवलेला चॅटबॉट, जो थेट उत्तर न देता पुढच्या पायरीचा इशारा देई. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी, तर तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. त्यात दुसरा गट पुस्तकवाल्यांच्याही १७ टक्के मागे पडला.

तिसऱ्या गटाचे हे नुकसान बहुतांशी टळले. पण तो पुस्तकवाल्यांच्या पुढेही गेला नाही. सरावातली ती १२७ टक्क्यांची झेप परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाही. ‘हुशार शिकवणी’ म्हणून या साधनांची जाहिरात करणारे हा भाग सहसा सांगत नाहीत. शिवाय साध्या चॅटबॉटची उत्तरे सुमारे निम्म्या वेळा चुकत होती. आज ती साधने सुधारली आहेत. पण उत्तर बरोबर आले म्हणून ते उतरवणाऱ्याला गणित येऊ लागते असे नाही.

याचे कारण स्मरणशक्तीच्या कामकाजात आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. डोके खाजवत, अडखळत माहिती आठवण्याचा जो त्रास होतो, त्यानेच ती पक्की होते. गृहपाठ असतो तो या त्रासासाठी.

कोणी म्हणेल, गाइडमधून उत्तरे उतरवणे जुनेच आहे. खरे आहे. पण आपल्या प्रश्नाशी जुळणारे उत्तर गाइडमध्ये निदान शोधावे लागे, आणि उतरवलेले आहे हे मुलाला ठाऊक असे. तुर्कस्तानातल्या दुसऱ्या गटाला मात्र आपण कमी शिकलो असे वाटलेच नव्हते. पालकांनाही ते कळणे कठीण, कारण वही पूर्ण असते, अक्षर मुलाचे असते आणि खाली शिक्षकांची सही असते. त्यातल्या त्यात सोपी परीक्षा म्हणजे वही मिटवून, आकडे बदलून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला सांगणे. चाळीस-पन्नास वह्या तपासणाऱ्या शिक्षकांकडून रोज ही अपेक्षा ठेवणे अन्यायाचे. आठवड्यातून दोघा-तिघांना फळ्यावर बोलावणे जमण्यासारखे आहे.

कंपन्यांनाही हे दिसले आहे. जुलै २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीत थेट उत्तराऐवजी उलट प्रश्न विचारत नेणारा ‘स्टडी मोड’ आणला. मात्र तो सुरू करायचा की बंद, हे फोन ज्याच्या हातात असेल तोच ठरवतो, आणि रात्री दहा वाजता गृहपाठ उरकू पाहणारे मूल काय ठरवेल, हे ओळखायला संशोधन लागत नाही.