आधी सोडत काढणाऱ्याचे हात बांधा

7 मे 2024 रोजी भोपाळमध्ये लोकसभेचं मतदान होतं. टक्का वाढावा म्हणून जिल्हा प्रशासनाने मतदान केंद्रांवर लकी ड्रॉ ठेवला होता. मत द्या, कुपन घ्या, आणि नशिबात असेल तर हिऱ्याची अंगठी किंवा घरातली एखादी मोठी वस्तू घेऊन जा. लोकशाहीला असं आमिष शोभतं का, हा वाद वेगळा आणि तो इथे घालत नाही. त्या सोडतीची एक बाजू मात्र कुणी फारशी पाहिली नाही. तिथे एका माणसाला दोनदा नोंद करणं जवळपास अशक्य होतं. यादीत नाव, हातात ओळखपत्र आणि बोटाला शाई, हा सगळा बंदोबस्त निवडणूक यंत्रणेने वेगळ्याच कामासाठी आधीच केलेला होता. सोडतीला तो आयता मिळाला.

ऑनलाइन सोडतीला असलं काही आयतं मिळत नाही. न्यू मार्केटमधलं साड्यांचं दुकान ‘फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, चंदेरी जिंका’ म्हणतं. मराठी मंडळ गणपतीत ऑनलाइन उखाण्यांची स्पर्धा घेतं. मग एकाच माणसाची चाळीस खाती उगवतात. जीमेलच्या पत्त्यात टिंब कुठेही घातलं तरी पत्र एकाच पेटीत येतं, त्यामुळे एका पत्त्याचे वीस पत्ते करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मोबाइलवर ओटीपी मागावा, तर दूरसंचार नियमांप्रमाणे एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिमकार्डं असू शकतात. खोट्या नोंदींचा प्रश्न खरा आहे, हे मान्य. पण त्यावर जी उत्तरं हमखास ऐकू येतात, ती तपासली की एकेक गळून पडतं.

पहिलं उत्तर: ‘फुकटची वस्तू आहे, त्यात कसला आलाय न्याय? आमची वस्तू, आम्ही हवी त्याला देऊ.’ मुळात ही वस्तू फुकट नाही. भाग घेणारा आपला नंबर देतो, आपल्या मित्रांसमोर दुकानाची जाहिरात करतो, वेळ देतो. त्याबदल्यात त्याला एक वचन मिळालेलं असतं, की जिंकण्याची संधी सगळ्यांना सारखी असेल. कायदाही याच बाजूने उभा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी दिली आहे, तीत विक्री वाढवण्यासाठी चालवलेली नशिबाची सोडतही येते. शिवाय भेटवस्तूंची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणं हाही त्याच यादीतला प्रकार आहे. म्हणजे बक्षीस कुणाला गेलं हे न सांगता विषय मिटवणारा दुकानदार नुसता चिक्कू ठरत नाही, तो कायद्याच्याही चुकीच्या बाजूला असतो. आणि ज्या फेसबुकवर हा खेळ चालतो, त्या फेसबुकच्या प्रचारविषयक नियमांत ‘मित्रांना टॅग करा म्हणजे सहभाग नक्की’ ही अटच चालत नाही. नियम पाळत नाही म्हणून स्पर्धकावर रागावणाऱ्या आयोजकाने आधी आपण कुठले मोडले ते पाहावं.

दुसरं उत्तर: ‘सोडत नकोच, ज्याला जास्त लाइक त्याला बक्षीस.’ याला फार शब्द खर्चायला नकोत. लाइक विकत मिळतात. सोडतीत चाळीस खोटी खाती केली तर जिंकण्याची शक्यता वाढते, लाइकांच्या शर्यतीत तेवढ्याच खोट्या खात्यांनी विजय थेट हातात येऊ शकतो. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

तिसरं उत्तर सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात घातक: ‘सगळ्यांचं आधार मागून घ्या.’ म्हणजे पाच हजारांची साडी वाटण्यासाठी दोन हजार माणसांची नावं, जन्मतारखा, पत्ते आणि ओळखपत्रांचे फोटो एका दुकानाच्या संगणकात पडून राहणार. उद्या तो संगणक दुरुस्तीला गेला, कामावरचा पोरगा नोकरी सोडून गेला, की ती यादी कुणाच्या हाती लागेल? कौन बनेगा करोडपतीच्या नावाने ‘तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली’ असे निरोप व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. त्यांना बळी पडू नका, असं दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागालाही जाहीरपणे सांगावं लागलं. असल्या टोळ्यांना हवी असते ती नेमकी बक्षिसाच्या आशेवर असलेल्या माणसांची यादी, आणि ती आपण सजवून ठेवायची? 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचं सूत्र सरळ आहे: ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. दोन हजारांपैकी एकोणीसशे नव्व्याण्णव जणांना काहीच मिळणार नाही. त्यांची ओळखपत्रं कुठल्या कामाला लागतात?

चौथं उत्तर: ‘संशय आला की नाव उडवा, आम्हाला बरोबर कळतं.’ काय कळतं? एकाच आयपी पत्त्यावरून सहा नोंदी आल्या, एवढंच. पण मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवतात. चौकातल्या जुन्या घरात तीन पिढ्या एका वायफायवर असतात. वसतिगृहातल्या सगळ्या मुली एकाच जोडणीवरून नोंद करतात. या सगळ्या लबाड? उलट ज्याला लबाडीच करायची आहे, तो व्हीपीएन वापरून दर नोंदीला नवं शहर दाखवतो आणि तुमच्या चाळणीतून अलगद खाली उतरतो. संशयाच्या या पद्धतीत प्रामाणिक माणूस सापडतो आणि सराईत सुटतो. कारण न सांगता नाव कापण्याची सवय लागली, की पुढे नावडत्याचं नावही त्याच कात्रीखाली येतं.

या चारही उत्तरांच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, की लबाडी भाग घेणारेच करतात आणि सोडत काढणारा सोवळा असतो. भोपाळने तरी ही समजूत बाळगू नये. व्यापमं म्हणजे व्यावसायिक परीक्षा मंडळ याच शहरातलं. 2013 च्या जुलैत इंदूर पोलिसांनी वैद्यकीय प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांच्या नावाने बसलेले तोतये पकडले. खोट्या नोंदीचं याहून ठळक उदाहरण शोधायला नको. पण तपास पुढे गेला तसे संशयाचे धागे मंडळाच्या कचेरीत शिरले. हुशार तोतयामागे पैसे मोजलेला उमेदवार बसेल अशा बेताने आसनक्रमांक लावल्याचा आरोप झाला. त्या जोडीला ‘इंजिन-बोगी’ हे नावच पडलं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याच न्यायालयाने 634 जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. बाहेरच्या तोतयाला आतून कुणी दार उघडत असेल, तर उमेदवारांकडून आणखी चार कागद मागून काय साधणार?

सोडतींचा जागतिक इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत मॅकडोनल्ड्सच्या मोनोपॉली खेळातले मोठ्या बक्षिसांचे तुकडे चोरले ते जेरोम जेकबसन याने, आणि त्या खेळाच्या सुरक्षेचं काम त्याच्याकडेच होतं. 1989 ते 2001 अशी बारा वर्षं ते चाललं. आयोवातल्या मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशनचा माहिती-सुरक्षा अधिकारी एडी टिप्टन याने यादृच्छिक आकडे काढणाऱ्या संगणकातच आपली आज्ञावली घुसवली होती, म्हणजे ठरावीक दिवशी कोणते आकडे येऊ शकतात हे त्याला आधीच कळे. 2017 मध्ये त्याला कमाल 25 वर्षांची शिक्षा झाली. दोन्हीकडे कुंपणानेच शेत खाल्लं.

म्हणून माझं म्हणणं असं, की खोट्या नोंदी रोखण्याची सुरुवात सोडत काढणाऱ्याचे हात बांधण्यापासून होते. त्याला नंतर काहीही बदलता येणार नाही अशी व्यवस्था उभी राहिली, की लबाड स्पर्धकाचं निम्मं बळ संपतं. ही व्यवस्था अवघड नाही.

नियम आधी लिहा आणि मग बदलू नका. एका व्यक्तीची एकच नोंद, शेवटची तारीख आणि वेळ, कोण भाग घेऊ शकत नाही (आयोजक आणि त्यांचे घरचे यांत आलेच), विजेत्याला कोणता पुरावा दाखवावा लागेल, हे सगळं पहिल्याच दिवशी जाहीर करा. नोंदीसाठी पैसे घेऊ नका, खरेदीची अट घालू नका. त्या वाटेने लॉटरीचे कायदे सुरू होतात.

सोडतीआधी फक्त यांत्रिक दुबार नोंदी काढा. तोच नंबर, तोच पत्ता, टिंबं फिरवलेलं तेच जीमेल. बाकी कुणाला नुसत्या संशयावरून हात लावू नका. प्रत्येकाला अनुक्रमांक द्या आणि मुदत संपताच क्रमांक व पहिलं नाव एवढीच यादी सर्वांसमोर ठेवा.

आकडा आपल्या हाताने काढू नका. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी आपली निवड समिती कशी निवडावी यासाठी 2004 मध्ये एक पद्धत लिहून ठेवली आहे. यादी आधी गोठवायची, आणि विजेता ठरवायचा तो पुढच्या तारखेला जाहीर होणाऱ्या, आपल्या ताब्यात नसलेल्या सार्वजनिक आकड्यावरून. आपल्याकडे सेन्सेक्सचा बंद भाव घेता येईल. समजा 700 नोंदी आहेत आणि ठरलेल्या दिवशी सेन्सेक्स 80,123.45 वर बंद झाला. दशांशचिन्ह काढा, 80,12,345 ला 700 ने भागा. बाकी उरते 145, त्यात एक मिळवा. 146 वा क्रमांक जिंकला. हे गणित आठवीतलं पोरही ताडून पाहू शकतं, आणि आयोजकाला यात बोट घालायला जागा उरत नाही. राखीव विजेत्यांसाठी पुढच्या तीन व्यवहारदिवसांचे आकडे घ्या.

पडताळणी फक्त विजेत्याची करा. ओळखपत्र पाहा, नाव जुळवा, प्रत ठेवू नका. नोंद खोटी निघाली तर कारण लेखी कळवा, उत्तर द्यायला मुदत द्या, आणि मगच राखीव क्रमांकाकडे जा. चाळीस काल्पनिक नावांनी नोंद करणाऱ्याचा धंदा इथेच बसतो, कारण काल्पनिक नावाला ओळखपत्र नसतं. बक्षीस दहा हजारांच्या वर असेल तर त्यावर तीस टक्के कर कापण्याची जबाबदारी आयोजकाची असते. रोख असेल तर तो कापूनच रक्कम द्यायची, वस्तू असेल तर ती देण्याआधी कर भरला गेल्याची खात्री आयोजकाने करायची. हे नियमांत आधीच लिहा, नाहीतर खरा विजेताही तुम्हाला ठग समजेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

शेवटी निकाल तिथेच जाहीर करा जिथे योजना जाहीर केली होती, तितक्याच ठळकपणे.

यावर आक्षेप येईल, की चाळीस नातेवाइकांची खरी नावं घातली तर? तर ते रोखता येत नाही, आणि रोखूही नये. ती चाळीस खरी माणसं आहेत. दुसरा आक्षेप, छोट्या मंडळात एवढा उपद्व्याप कोण करणार? एक लेखी कागद, एक यादी आणि एक भागाकार, एवढाच हा उपद्व्याप आहे. शेकडो ओळखपत्रं गोळा करण्यापेक्षा तो नक्कीच कमी आहे. ज्यांना तोही झेपत नाही, त्यांनी बक्षीस वाटण्याऐवजी सगळ्यांना पेढे वाटावेत.

वाचकांसाठी एवढंच. ज्या सोडतीचे नियम लिहिलेले नाहीत, विजेता कसा ठरणार हे सांगितलेलं नाही आणि गेल्या वेळचा निकाल कुठे दिसत नाही, तिला आपला नंबर देऊ नका. बक्षिसाच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला किंवा आधी पैसे भरायला लावले, तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. आणि पुढच्या गणपतीत तुमच्याच मंडळाने ऑनलाइन सोडत ठेवली, तर बक्षीस काय हे विचारण्याआधी आकडा कोण काढणार हे विचारा.