बायका जमल्या की

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी माणसांचा राबता असतो. माहेरवाशिणी येतात, भाऊबीजेला आते-मामेभावंडं गोळा होतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, कुणाचं कुणाशी बिनसलं याची बित्तंबातमी फराळाच्या ताटांभोवती फिरते. त्याच घोळक्यात एखादी कर्णबधिर लेक किंवा सून बसलेली असते. सगळे हसले की तीही हसते. काय झालं, असं खुणेनं विचारलं तर शेजारची म्हणते, "नंतर सांगते." नंतर बहुतेकदा कुणी सांगत नाही. सांगितलंच तर अर्ध्या तासाच्या गप्पांचा "काही नाही गं, काकांची गंमत" एवढाच गोषवारा तिच्या वाट्याला येतो.

यंदाचा आमचा अंक भेटीगाठींना वाहिलेला आहे. भेट कुणाला सहज मिळते आणि कुणाला मुद्दाम मिळवावी लागते, याचा विचार करताना कर्णबधिर स्त्रियांना आम्ही सुरुवातीलाच जागा दिली, ती या कारणाने.

2011च्या जनगणनेनुसार देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले लोक 50 लाखांहून अधिक आहेत. दहा कर्णबधिर मुलांपैकी साधारण नऊ ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. म्हणजे घरात बोलली जाणारी भाषा त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि त्यांना सोयीची भाषा घरात कुणाला येत नाही. ओठ बघून समजून घे, असं सांगणं सोपं आहे. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "मामा आले" आणि "बाबा आले" म्हणून पाहा. ओठांची हालचाल तीच दिसते.

खुणांच्या भाषेला शाळेनेही दीर्घकाळ थारा दिला नाही. 1880 साली मिलानमध्ये भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना तोंडी भाषेतूनच शिकवावं असा ठराव केला आणि जगभरच्या वर्गांतून हातांची भाषा हद्दपार होत गेली. मुंबईत 1885च्या सुमारास कर्णबधिरांची शाळा सुरू झाली. पुढे आपल्याकडच्या शाळांतही भर बोलण्यावरच राहिला. भाषा टिकली ती वसतिगृहात, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावरच्या भेटींत.

त्या भेटींची एक जागा मुंबईकर रोज पाहतात. लोकलमधला अपंगांचा डबा. अनेलीस कुस्टर्स या कर्णबधिर संशोधिकेने या डब्याचा अभ्यास केला आहे. ठरलेल्या गाडीला ठरलेली मंडळी भेटतात, फलाटावर एकमेकांसाठी थांबतात, गप्पा रंगल्या तर आपलं स्टेशन सोडून पुढे जातात आणि मग उलट फिरतात. पण स्टेशन सोडून पुढे जाण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी नसते. घरी कुकर लावायचा असतो, उशीर का झाला याचं उत्तर द्यायचं असतं, आणि ते द्यायला समोरच्याला भाषा येत नसते. म्हणून बायकांना आपली वेगळी बैठक लागते. दिल्लीत 1973पासून कर्णबधिर स्त्रियांची स्वतंत्र संस्था आहे. बाकी ठिकाणी बरंचसं काम भिशी, हळदीकुंकू, सहल अशा घरगुती निमित्तांनी चालतं.

अशा हळदीकुंकवात शिरलं तर मांडणीपासूनच फरक दिसतो. खुर्च्या गोल, कारण प्रत्येकीला प्रत्येकीचे हात दिसायला हवेत. खिडकीकडे पाठ करून कुणी बसत नाही, उजेडाविरुद्ध चेहरा काळा पडतो. सगळ्यांचं लक्ष वेधायचं तर ट्यूबलाइट बंद-चालू करायची. तिळगूळ तोंडात असतानाही बोलता येतं, पण हातात बशी असली की बोलणं खुंटतं. त्यामुळे बश्या खाली राहतात आणि चहा निवतो. एकजण कोपऱ्यातून थेट पलीकडच्या भिंतीपाशी बसलेलीशी बोलते, मधल्या कुणाचा खोळंबा होत नाही. निघताना दारात जे बोलणं सुरू होतं ते जिन्यातला दिवा जाईपर्यंत संपत नाही.

बोलणं कशाचं? साडीचं, सासूचं, आणि अशा गोष्टींचंही ज्या ऐकणाऱ्या बायकांच्या कानावर येता-जाता पडतात. कोणती डॉक्टरीण घाई न करता कागदावर लिहून समजावते. बँकेचा पडताळणीचा फोन घेता येत नाही तेव्हा काय करायचं. पाळी लांबली तर घाबरायचं कधी. नवरा हात उचलतो तर जायचं कुठे. लैंगिक अत्याचाराची तक्रार अपंग स्त्रीला द्यायची असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन ती नोंदवावी आणि तिचं चित्रीकरण करावं, ही तरतूद 2013 सालीच झाली. हे ठाऊक नसलेली बाई चौकीच्या दारातून परत फिरते.

सरकारी पातळीवर काही झालं नाही असं नाही. 2015 साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू झाली. 2021 साली तिच्या शब्दकोशाने 10,000 शब्दांचा टप्पा गाठला. व्हिडिओ कॉलमुळे माहेरच्या गावातली मैत्रीण फोनच्या पडद्यावर भेटू लागली. पण कोशातले शब्द वापरायला समोर माणूस लागतं, आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या बाईला तेच मिळत नाही.

अशा वेगळ्या जमण्याने या बायका समाजापासून तुटतील, असा आक्षेप नेहमी येतो. दिल्ली, इंदूर किंवा शिकागोच्या मराठी मंडळाला आपण हा प्रश्न विचारत नाही. आपल्या भाषेत चार शब्द बोलायला माणसं जमतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातात, हे आपल्याला समजतं. इथेही तेच आहे. शिवाय बायका जमल्या की काय होतं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा बायकांनी सभा भरवण्याचीही टवाळी होत होती. रमाबाई रानड्यांसारख्या स्त्रिया अशाच सभांतून पुढे आल्या आणि 1909 साली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. बायकांच्या गप्पांना फुरसतीचा उद्योग समजणाऱ्यांनी तेव्हाही चूक केली होती.

तेव्हा वाचकांकडे मागणं थोडकं आहे. आपल्या सोसायटीचं सभागृह, वाचनालयाची खोली, मंडळाचं कार्यालय महिन्यातून एक दुपार कर्णबधिर स्त्रियांच्या गटाला विनाभाडे द्या. दिवे चांगले असू द्या, खुर्च्या हलवता येतील अशा असू द्या. दिवाळी पहाटेच्या आणि व्याख्यानमालांच्या खर्चात सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं मानधन धरा आणि त्याला प्रकाशात उभं करा. बचत गटाच्या बैठकीत एखादी कर्णबधिर सभासद असेल तर तिची सही घेण्याआधी ठराव तिला समजला आहे याची खात्री करा. यांतलं एक तरी येत्या संक्रांतीच्या आत करा, आणि केलंत की आम्हाला कळवा.