माहिती तेवढी त्यांची?

परवा सोसायटीत गळती शोधायला प्लंबरनं तीन ठिकाणी भिंत फोडली. पाइप चौथ्याच जागी निघाला! नकाशात एकीकडे, बसवलेला भलतीकडे.

नातू म्हणतो, "आजोबा, आता बिम आलंय." मला वाटलं तुळई! पण हे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग: संगणकावरची अख्खी इमारत. पाइप तुळईत घुसत असेल तर बांधण्याआधीच कळतं. नागपूर मेट्रोनं त्याला वेळ आणि खर्चही जोडला. ब्रिटननं केंद्र सरकारच्या कामांना २०१६ पासून ते सक्तीचं केलं.

छान! पण ते बिल्डरच्याच संगणकात का राहावं? ताबा देताना किल्ल्यांबरोबर, प्रत्यक्ष बांधलं तसं दुरुस्त करून, सोसायटीला मिळालंच पाहिजे. घर आमचं, फोडायची भिंत आमची, आणि माहिती तेवढी त्यांची?