टँक: साठवायचा की मुरवायचा?

नगरमध्ये 'टँक' हा शब्द कानावर पडला की समोर काय उभे राहील, हे ऐकणाऱ्याच्या धंद्यावर ठरते. लष्कराच्या संग्रहालयाकडे निघालेल्या पर्यटकाला रणगाडा दिसतो, प्लंबरला गच्चीवरची काळी टाकी, ट्रकचालकाला डिझेलची टाकी, सफाई कामगाराला मैल्याची टाकी आणि पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याला मातीचा बांध घातलेला तलाव. एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष नव्हे. मराठीत 'पाट' बसायचा असतो, पाण्याचा असतो आणि पूर्वी लावायचाही असे. त्यात कोणाचा घोटाळा झाला नाही, कारण हे अर्थ एकमेकांपासून लांब राहतात. घोटाळा होतो तो एकाच कामातले दोन जवळचे अर्थ एका शब्दाखाली दडपले जातात तेव्हा. आपल्या दुष्काळी जिल्ह्यात 'टँक'ने नेमके हेच केले आहे.

या शब्दाचा प्रवास आपल्याच भागातून सुरू झालेला असावा. गुजराती 'टांकुं' आणि मराठी 'टाके' यांच्याकडे कोशकार त्याचे मूळ म्हणून बोट दाखवतात. काही जण पोर्तुगिजांकडून तो आला असे मानतात. टाके म्हणजे काय, हे अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर स्पष्ट दिसते: कातळ खोदून केलेला, पाणी धरून ठेवणारा खड्डा. इंग्रज अधिकाऱ्यांनी मात्र टाके, तळे, कुंड, बांध घातलेला तलाव या सगळ्यांना सरसकट 'टँक' म्हटले. नगरजवळचा निजामशाहीतला भातोडीचा तलावही त्यांच्या दप्तरात 'टँक'च आहे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने याच तलावाचे पाणी सोडून मोगल आणि आदिलशाही फौजेची वाट चिखलात रुतवली. पुढे 1915 मध्ये ब्रिटनमध्ये चिलखती लढाऊ गाडी तयार होत होती, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून ती पाणी वाहून नेण्याची टाकी आहे अशी हूल उठवली गेली. त्यातून पडलेले टोपणनाव कायम झाले, आणि 15 सप्टेंबर 1916 रोजी सोमच्या रणांगणावर 'टँक' पहिल्यांदा उतरला. स्वातंत्र्यानंतर नगर हे चिलखती दलाच्या प्रशिक्षणाचे मोठे केंद्र झाले आणि 1994 मध्ये इथे रणगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले. मराठीने त्या यंत्राला 'रणगाडा' हा स्वतंत्र शब्द दिला, त्यामुळे तिथे प्रश्न मिटला.

पाण्याच्या बाबतीत तो मिटलेला नाही. 1972 च्या दुष्काळात कामाच्या शोधात निघालेल्या माणसांच्या हातांनी गावोगाव 'पर्कोलेशन टँक' बांधले गेले. त्याला पाझर तलाव हे नेमके मराठी नाव आहे, पण बोलताना आणि कागदावर त्याचा नुसता 'टँक' किंवा नुसता 'तलाव' होतो. मग साठवण तलावाकडून ठेवावी तीच अपेक्षा त्याच्याकडूनही ठेवली जाते, की उन्हाळ्यातही तो भरलेला दिसावा. वास्तविक दोघांचे काम उलटे आहे. साठवण तलावाचा तळ पाणी धरणारा हवा. पाझर तलाव मुरमाच्या, भेगाळ खडकाच्या जागी घ्यायचा, म्हणजे पावसाळ्यात अडलेले पाणी जमिनीत उतरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो रिता झाला आणि विहिरींना पाणी राहिले, तर त्याने आपले काम चोख केले. उलट वैशाखातही त्यात पाणी तुंबलेले दिसले, तर बहुधा गाळाने त्याचा तळ बुजला आहे असे समजावे. अशा तलावावर मोटारी टाकून थेट उपसा करणे म्हणजे विहिरींच्या तोंडचे पाणी पळवणे.

राळेगणसिद्धीचे उदाहरण इथे नीट वाचायला हवे. तिथला पाझर तलाव बांधातूनच गळत होता; पाणी जमिनीत न उतरता बांधाखालून निघून जात होते. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदानातून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी आले. गळणे वेगळे आणि पाझरणे वेगळे, हा फरक त्या गावाला कळला होता. हिवरे बाजारने तर शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवून, मुरलेल्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडून पिके ठरवली. याच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग जगवायला शेततळ्याचा आधार होतो, हे मान्यच आहे. पण ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते तेव्हा जमिनीत मुरलेले, सगळ्या शिवाराचे पाणी वर येऊन एकाच्या मालकीचे होते, शिवाय उन्हात त्याची वाफही होते. कागदावर मात्र पाझर तलाव आणि शेततळे या दोन्हींची नोंद 'जलसाठा' अशी एकाच रकान्यात होऊ शकते.

यावर कोणी म्हणेल की शेतकऱ्याला हे सगळे ठाऊक असते, शब्दाने काय बिघडते? शेतकऱ्याला ठाऊक असते हे खरे. पण निधी कागदावरून मिळतो, आणि कागद लिहिणारा अनेकदा ते शिवार न पाहिलेला असतो. गावाने तलावाला प्लास्टिक मागितले की गाळ काढायची मागणी केली, यावर पुढच्या वीस वर्षांचे पाणी ठरते. दुसरा आक्षेप भाषाशुद्धीवाल्यांचा असतो: इंग्रजी शब्दच हद्दपार करा. त्याची गरज नाही. डिझेलची टाकी, गच्चीवरचा टँक, पाण्याचा टँकर हे शब्द आपल्या तोंडात रुळले आहेत आणि ते कोणाचे नुकसान करत नाहीत. मागणी एवढीच आहे की जिथे पाण्याचा हक्क आणि पाण्याची वाट ठरते, तिथे मोघम शब्द चालवून घेऊ नये.

यंदाच्या ग्रामसभेत जलसंधारणाचा आराखडा वाचला जाईल, तेव्हा प्रत्येक तलावापुढे पाझर, साठवण की शेततळे, आणि त्याचे पाणी कोणत्या विहिरींसाठी, हे दोन तपशील लिहून घ्या. लिहिलेले नसतील, तर ठरावाला हात वर करण्याआधी ते मागा.