नावडतीची लोकर

दरवर्षी या सदरात एखाद्या टोपड्याचा नाहीतर मफलरचा नमुना देते. यंदा नमुना नाही. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या मैत्रिणी आणि सहा महिन्यांसाठी इकडे येणाऱ्या आज्या एकच प्रश्न विचारतात, "बाळासाठी लोकर कुठली घेऊ?" तेव्हा यंदा माझ्या आवडत्या आणि नावडत्या लोकरींविषयी. नावडतीचं मीठ अळणी, हे लक्षात ठेवूनच वाचा.

पहिली आवडती शेटलंड, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या मेंढ्यांची. हाताला जरा खरखरीत, पण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. सुईवरून टाका निसटला तरी सरसर खाली पळत नाही. दोन रंगांची नक्षी शिकायची तर हीच घ्यावी. धुतल्यावर फुलते आणि टाके एकसारखे दिसू लागतात. मात्र आत सदरा हवाच.

दुसरी मेरिनो. लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला बोचतात. मेरिनोचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनच्या आतले, म्हणून ती बाळाच्या गळ्याशीही चालते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो. 'सुपरवॉश' लोकरीत हे खवले काढलेले किंवा झाकलेले असतात, म्हणून ती मशीनमध्ये टाकता येते. पण ओली झाली की ती सैल पडते. आधी छोटा चौकोन विणून, धुऊन, मापून बघा.

आमच्या यॉर्कशायरमध्ये अल्पाकाचा मान मोठा. टायटस सॉल्ट यांनी या लोकरीवर नाव आणि पैसा कमावला आणि १८५३ मध्ये ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअरला प्रचंड गिरणी उघडली. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच. अल्पाका मऊ आणि उबदार, पण तिच्यात मेरिनोसारखी लवचीकता नाही. मोठा स्वेटर स्वतःच्याच वजनानं लोंबू लागतो. तिचा मफलर करावा, शाल करावी.

आता नावडत्या. मोहेर विणताना ढगासारखी, पण उसवायची वेळ आली की वैरीण. सुती धागा उन्हाळी झबल्यांना उत्तम, पण त्याला ताण माहीत नाही. तासाभरात मनगटं बोलू लागतात.

सगळ्यांत नावडतं ॲक्रिलिक. ते मुळात प्लॅस्टिक. घाम शोषत नाही, सुयांवर किरकिरतं, इस्त्री गरम असली तर वितळतं. खरी लोकर सहजी पेट घेत नाही. ॲक्रिलिक पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. पणत्या आणि फुलबाज्यांपाशी नाचणाऱ्या मुलांच्या अंगावर ते नको म्हणजे नको.

तरीही माझ्या कपाटात राणी रंगाचं एक ॲक्रिलिकचं झबलं आहे. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळायची ती बहुतेक वेळा हीच. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी आईनं बाळंतविड्यात घालून पाठवलेलं. मुलगी आता तिशीची आहे. माझ्या मेरिनोच्या दोन शाली कसरीनं खाल्ल्या, पण प्लॅस्टिक तिला पचत नाही. आईचा टाका नेहमी जरा घट्ट असायचा. आई जाऊन बारा वर्षं झाली; टाका अजून तेवढाच घट्ट आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नावडतीला घराबाहेर काढत नाही.

लोकर निवडण्याआधी एकच विचारा, धुणार कोण? रात्री तीनदा उठणारी नवी आई स्वेटर हातानं धुणार नाही. तिला सुपरवॉशच द्या. पुण्याच्या थंडीला पाठवायचं असेल तर पातळ मेरिनो पुरे. लोकरीवरचं लेबल भेटीबरोबर द्या. आणि उरलेल्या लोकरीचा हातभर तुकडा आतल्या शिवणीला बांधून ठेवा. पुढे कोपर विरलं, तर रफू करणारीला रंग शोधत फिरावं लागणार नाही.