निर्वासित कोपीत राहतात

नाताळ आला की आमच्या मंडळीत गव्हाणी सजतात. जागा न मिळालेल्या मरिया-योसेफाबद्दल पाळक कळवळून बोलतात. त्याच आठवड्यात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरचा गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि फडाशेजारच्या कोप्यांत बीडकडून आलेली कुटुंबं थंडीत कुडकुडत असतात. गव्हाण पाहायला आपण चर्चमध्ये का जातो, असं मी आता उघड विचारतो.

निर्वासितांसाठी प्रार्थना करताना आपल्याला सीरिया आठवतं, युक्रेन आठवतं. कायद्याच्या भाषेत ऊसतोड कामगार निर्वासित नाही, हे मान्य. पण कोरडवाहू जमीन आणि मुकादमाची उचल त्याला घराबाहेर काढते, आणि उचल फिटेपर्यंत परतीची वाट बंद असते. हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. माणसं हत्यारावरून मोजली जातात, याहून मोठा पुरावा कुठला हवा?

निधी नाही, ही सबब मला पटत नाही. चर्चचा हॉल रविवारी उघडतो, बाकी दिवस त्याला कुलूप. आई-बाप पहाटे फडात गेल्यावर लेकरं तिथं सांभाळता येतील. मोठ्या मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायला सोबत जाता येईल. बायांसाठी आपले नळ आणि संडास खुले ठेवता येतील. त्यांच्या गावचं रेशनकार्ड इथंही चालतं. दुकानदारासमोर सोबत उभं राहणारं कुणीतरी लागतं.

'धर्मांतराचा आरोप होईल' हा आक्षेप पोकळ नाही. १८९३ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंचं शारदा सदन याच वादानं हादरलं होतं. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या अनाथ मुलींना आणायला त्याच रमाबाई गेल्या आणि शेजारच्या केडगावात त्यांनी त्यांना आसरा दिला. म्हणून मदतीसोबत पत्रिका नको, प्रार्थनेची अट नको, फोटो तर नकोच.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येते तेव्हा बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर हजारोंना जेवू घालतात. पाहुणचार या मातीला शिकवावा लागत नाही. वारकऱ्यांना वाढणाऱ्या या गावांनाही कोपी दिसत नाही, हे खरं. पण म्हणून आपली सुटका होत नाही.

आणि नुसत्या दयेवर थांबू नका. मंडळीत जे कारखान्याचे सभासद आहेत, त्यांनी वार्षिक सभेत उठून तोडणीवाल्यांसाठी पाणी, संडास आणि पाळणाघर मागावं. ते मागायची हिंमत नसेल, तर यंदा गव्हाण सजवू नये.