देखरेख म्हणजे मनाई नव्हे

देवळाच्या सभामंडपात किंवा अग्रशाळेत मुलांनी विज्ञानाचे प्रयोग करून दाखवावेत, अशी सूचना कोठे निघाली की तिला तीन बाजूंनी विरोध होतो. पहिला आक्षेपक म्हणतो, विस्तव आणि काच मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे. दुसरा म्हणतो, हे काम शाळेचे. देवस्थानाने त्यात पडू नये. तिसरा मोठ्याने काही बोलत नाही. परंतु आज मुले हळदीचा रंग का पालटतो हे विचारतील आणि उद्या आणखी काही विचारू लागतील, ही धास्ती त्याच्या मनात असते. या तिन्ही आक्षेपांचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. विज्ञानाच्या नावावर अविचार करणाऱ्यांचीही गय करण्याचा आमचा विचार नाही.

धोक्याचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो सर्वांत सभ्य दिसतो. 'वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे' हे शब्द प्रयोगांच्या पुस्तकांत पानोपानी असतात. आमच्याकडे मात्र त्यांचा अर्थ 'करूच नये' असा लावला जातो. कायद्याला हा अर्थ ठाऊक नाही. १८६० सालच्या दंडसंहितेत अग्नी हयगयीने हाताळणे हा गुन्हा होता, अग्नी हाताळणे हा नव्हे. आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हाच भेद कायम आहे. सद्भावनेची व्याख्याही दोन्ही संहितांत एकच : योग्य ती सावधगिरी आणि लक्ष यांवाचून केलेले कृत्य सद्भावनेने केलेले मानले जात नाही. म्हणजे कायदा वडीलधाऱ्यांकडून सावधगिरी मागतो, पळवाट मागत नाही.

देखरेख म्हणजे काय, हे आपल्या घरांस शिकवावे लागत नाही. पाच-सहा वर्षांची मुलगी भाऊबीजेला भावाला ओवाळते तेव्हा निरांजनाच्या ताटाखाली आईचा हात असतो. ओढणीचा पदर आधी खोचलेला असतो, केस बांधलेले असतात. निरांजन धोक्याचे म्हणून ओवाळणी बंद करा, असे कोणी म्हणत नाही. जवळ उभे राहणे, आधी तयारी करणे आणि हाताखाली हात धरणे, हीच देखरेख. ती दिव्याला चालते, मग प्रयोगाला का चालू नये?

आणि धोक्याची एवढी चाड असेल, तर ती उत्सवाच्या रात्री कोठे जाते? १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळात कोल्लम जिल्ह्यातील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात आतषबाजी चालू असता दारूसाठ्याने पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतरही जत्रेच्या अंदाजपत्रकात शोभेच्या दारूची रक्कम पाहून भुवई न उंचावणारे सदस्य, मुलाच्या हातातल्या मेणबत्तीला मात्र हरकत घेतात. ज्याला दारूचा स्फोट पचतो, त्याला मेणबत्तीची भीती वाटावी, यात सावधगिरीचा अंश किती आणि अनास्थेचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

आता दुसरी बाजू. प्रयोग डोळे दिपविणारा झाला पाहिजे, या हव्यासापायी विज्ञानाचे काही उत्साही प्रचारक बाटलीतून स्पिरिट ज्योतीवर ओततात आणि टाळ्या घेतात. २०१४ साली अमेरिकेत रंगीत ज्वाळा दाखविण्यासाठी मिथेनॉल वापरताना ज्वालेने बाटलीपर्यंत झेप घेतली आणि पाहणारी मुले भाजली. तेथील रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळास त्याच वर्षी जाहीर इशारा द्यावा लागला. असल्या तमाशाला आम्ही प्रयोग म्हणत नाही. आश्चर्यासाठी धोका लागतच नाही. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, आणि त्यांचा विषय होता एक साधी मेणबत्ती. मेणबत्ती फुंकून विझवावी, वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला दुसरी ज्योत लावावी. ज्योत धुरातून खाली उडी घेऊन वात पुन्हा पेटविते. जळते ते घन मेण नसून त्याची वाफ असते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. खर्च दोन रुपयांचा, आणि आश्चर्य जन्मभर पुरणारे.

असे प्रयोग कितीतरी आहेत. काठोकाठ पाण्याने भरलेल्या पेल्यावर जाड पुठ्ठा ठेवून परातीवर तो उलटा करा. पाणी पडत नाही. पाण्याची उंची दहा सेंटिमीटर असेल, तर पुठ्ठ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा ग्रॅम पाण्याचा भार असतो, आणि बाहेरची हवा खालून सुमारे एक किलोग्रॅमच्या जोराने त्याला रेटीत असते. शंभरपट बलाढ्य हवेचे हे दर्शन पहिलीतल्या मुलानेही करावे. याच्या पुढची पायरी मोठ्यांच्या हातची : शीतपेयाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात दोन चमचे पाणी घालून ते उकळवावे, वाफ जोरात येऊ लागली की डबा सांडशीने धरून झटकन थंड पाण्यात उपडा करावा. तो क्षणार्धात चिरडला जातो. वाफेचे पाणी होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी घटते, आणि बाहेरची हवा डब्याला चेपते. येथे सांडशी मोठ्या माणसाच्या हाती, मुले चार हात दूर. डब्याचे तोंड तापविताना कधीही बंद करावयाचे नाही आणि पाण्यावाचून डबा तापवावयाचा नाही. एवढे नियम पाळले म्हणजे देखरेख झाली काय? आमच्या मते अर्धीच झाली.

उरलेली अर्धी देखरेख कारणावर ठेवावयाची असते. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती आणि वर उपडा पेला, हा प्रयोग घरोघर होतो. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते, आणि मोठी माणसे ठामपणे सांगतात की प्राणवायू जळून गेला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हे कारण चुकीचे आहे. ज्योत सगळा प्राणवायू संपण्यापूर्वीच विझते, आणि जळलेल्या प्राणवायूच्या जागी दुसरे वायू तयार होतात. पाणी चढते ते मुख्यत्वे निराळ्या कारणाने : तापलेली हवा पसरून पेल्याखालून बाहेर पडते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. पडताळा सोपा आहे. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी अधिक चढते; आतला प्राणवायू काही तिप्पट झालेला नसतो. भाजलेले बोट आठवड्यात बरे होते. चुकीचे कारण पिढ्यान्‌पिढ्या बरे होत नाही. म्हणून देखरेख करणाऱ्याने प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून पाहिला पाहिजे आणि त्याचे कारण पारखून घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप शाळेचा. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस बुद्धी यांचा विकास करणे हे कर्तव्य १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकावर घातले आहे. ते केवळ शिक्षकांवर घातलेले नाही, आणि त्यातून महाजनांना सूटही दिलेली नाही. शिवाय काही प्रयोगांना वर्गाची खोली पुरतच नाही. पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे मुळात चर्च म्हणून बांधलेल्या वास्तूच्या घुमटाखाली, लेआँ फूको याने १८५१ साली ६७ मीटर लांबीच्या तारेला जड गोळा टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांस दाखविले. आपल्या सभामंडपाची उंची त्याच्या तुलनेत थोडी, पण पुष्कळ शिकविण्यास पुरेशी आहे. तुळईला चार मीटरचा दोर बांधून त्याला दोन किलो वाळूची पिशवी टांगा. दोर आधी दुप्पट वजनाने पारखून घ्या. मुलाने खांबाला डोके टेकून उभे राहावे, पिशवी हनुवटीपर्यंत आणावी आणि न ढकलता नुसती सोडावी. पिशवी दूर जाते, परत येते आणि हनुवटीच्या अलीकडेच थांबते. तिला एका येरझाऱ्यास सुमारे चार सेकंद लागतात. वजन दुप्पट केले तरी चारच. परत येणाऱ्या पिशवीसमोर डोळे न मिटता उभा राहणारा मुलगा निसर्गनियमावर विश्वास ठेवण्यास शिकतो. मुलाने पिशवी ढकलू नये आणि डोके पुढे आणू नये, एवढे पाहण्यास शेजारी एक जाणते माणूस हवे.

उरला तिसरा, न बोलला जाणारा आक्षेप. ओल्या हळदीवर साबणाचे किंवा धुण्याच्या सोड्याचे पाणी पडले की ती लाल होते. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. चुन्यानेही हेच होते, पण चुना डोळ्यांस घातक, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये. क्षाराने हळदीचा रंग पालटतो हे ज्ञान परके नाही. हळदीवर क्षाराची प्रक्रिया करून कुंकू करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कुंकू कसे होते हे कळल्याने ते लावणाऱ्या हातांचा भाव कमी झाला नाही. धक्का बसेल तो लिंबातून लाल पाणी काढून भोळ्या माणसांकडून पैसे उकळणाऱ्या भोंदूला. आणि त्याला तो बसावा, यात देवस्थानाचेच हित आहे. आपल्या कीर्तनात पूर्वरंगी निरूपण आणि उत्तररंगी आख्यान असते. प्रयोग हे आख्यान आहे. त्याला निरूपणाची जोड द्या, म्हणजे ज्या मंडपात कीर्तन शोभते तेथे प्रयोगही शोभेल.

आमची मागणी मोठी नाही. वर्षातून एक संध्याकाळ द्या. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन चालेल, जत्रेतला एखादा रिकामा प्रहरही चालेल. अटी चार : प्रयोग आदल्या दिवशी मोठ्यांनी करून पाहिलेला असावा, विस्तव आणि उकळते पाणी मोठ्यांच्याच हाती राहावे, पाण्याची बादली आणि वाळू जवळ असावी, आणि ज्या प्रयोगाचे खरे कारण सांगता येत नाही, तो मंडपात होऊ नये. या चार अटी पाळावयाची ज्या समितीची तयारी नाही, तिने मुलांच्या सुरक्षिततेचे नाव पुढे करू नये. आपणांस कष्ट नकोत, एवढेच तिने इतिवृत्तात लिहावे. ते निदान खरे तरी होईल.